वाळूची बादली

उद्यमबागेत रविवारी भट्टी थंड असते.
त्या दिवशी आम्ही एक खोटं संकट आणलं.

संगणकापुढे शैला हुद्दार,
टेबलाला टेकून ईरण्णा,
एकुलत्या खुर्चीत चौगुले शेठ,
आणि दारातच हाताची घडी घालून
भरमाण्णा यळ्ळूरकर, तीस वर्षं ओतकामावर:
"आमचं हितं काय काम?"

मी म्हटलं, समजा सकाळी आलात
आणि पडद्यावर एकच ओळ,
तुमच्या फायली आमच्या ताब्यात आहेत.
ड्रॉइंगं, पॅटर्नचे नंबर, पुण्याच्या पंपवाल्यांना दिलेले भाव,
सगळ्याला कुलूप. किल्लीचे पैसे मोजा.
काय कराल?

"बटण बंद," ईरण्णा म्हणाला.
भरमाण्णा हसला.
"रस सांडला तर पाणी मारतोस काय रे?"

हेल्पर पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात इथे:
रसावर पाणी नाही. वाळू.
वाळू कोरडी पाहिजे
आणि बादली जागेवर.

मग तसाच कागद केला.
आधी वायर ओढायची. यंत्र चालूच ठेवायचं.
काही पुसायचं नाही,
आत आलेल्याची पावलं कुठे कुठे उमटलीत
ते जाणता माणूस येऊन बघेल.
बँकेचा नंबर, एकोणीसशे तीस, पुण्याचे दोन नंबर,
सगळे शाईने;
फोनमध्ये असून काय उपयोग,
फोनही त्याच तारेला बांधलेला.
शुक्रवारची डिस्क शैलाच्या घरी, शहापुरात,
रव्याच्या डब्यामागे.
ती उघडते का, तेही तिथल्या तिथे पाहिलं.
नाही उघडली.
पाच महिने आम्ही एक रिकामी डबी जपत होतो.

मराठी वर लिहायचं की कन्नड?
पाट्यांवरून दगड उडालेले पाहिलेत या गावाने.
ईरण्णाने कागद उभा दुमडला,
एक डावीकडे, एक उजवीकडे.
"चोराला कुठं वाचायचंय," म्हणाला.

शेवटची ओळ तेवढी राहिली:
चूक ज्याच्या हातून झाली, त्याने कुणाला सांगायचं?

पंखा फिरत राहिला.
शेठ खिडकीबाहेर बघत होते.
आणि मला काय झालं कोण जाणे,
मी बोलून गेलो
दोन वर्षांपूर्वीच्या स्क्रॅपच्या बिलाचं.
नाव ओळखीचं, पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे,
बेचाळीस हजार.
सोसायटीतली ठेव मोडून भरले,
बायकोला सांगितलं, गाडीचं इंजिन गेलं.

कुणी काही बोललं नाही.
भरमाण्णाने बाही वर सारली.
कोपरापासून दंडापर्यंत सुरकुतलेला, चकाकता डाग.
"नवा हुतो तवा. भाजलं ते थोडकंच.
रागावतील म्हणून आठ दिवस शर्टाखाली झाकलं.
हे एवढं मोठं झाकल्यामुळं झालं."

शेठ उठले. माझ्याकडे बघितलं नाही.
पेन घेतलं,
रिकाम्या ओळीत स्वतःचा नंबर लिहिला,
पुढे, जरा थांबून, रात्रीसुद्धा,
आणि ईरण्णाकडे पेन दिलं,
"तुझ्याकडच्या बाजूला पण लिही."

कागद खिळ्याला लावला, बादलीच्या वर.
बादलीत पाहिलं तर
चहाचे कागदी कप, गुटख्याची पुडी, ओलसर वाळू.
भरमाण्णा शिव्या देत ती बाहेर उन्हात पालथी करायला घेऊन गेला.