ऊडला विराचा नाका

पीटरबरोहून निघताना मी स्टेपल तीनदा तपासते.
समन्सच्या पाठीला तो फॉर्म हवाच,
दुसऱ्या राज्यातल्या माणसाला सांगणारा
की बाबा रे, तुझे हक्क हे, एकवीस दिवस तुझ्या हातात,
बोलावणं दूरचं असलं तरी खरं आहे.
फॉर्म नसला तर बजावणी शून्य.
एकदा वेंटवर्थला तशीच गेले होते.
पेट्रोल माझं, दिवस माझा,
आणि दारातला माणूस हसून म्हणाला, या परत.

कॉकबर्नला सरहद्द लागते,
म्हणजे एक पाटी लागते आणि डांबराचा रंग जरा बदलतो.
खारट झुडपं दोन्हीकडे तीच.
एमू पलीकडे जातो, त्याला कुणी नाव विचारत नाही.
घड्याळसुद्धा बदलत नाही:
ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्सचं,
पण वेळ लावतं आमच्या ॲडलेडची.
वेळेला फॉर्म जोडावा लागत नाही.

तिथल्या रस्त्यांना खनिजांची नावं.
क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड.
लॉइड ट्रेव्हॅरो राहतो आयोडाइड स्ट्रीटला,
पत्र्याच्या घरात, दाराशी ऑक्सिजनचं नळकांडं.
खाणीने पेन्शन दिली, फुप्फुसं ठेवून घेतली.
"तुम्हीच लॉइड अर्नेस्ट ट्रेव्हॅरो?"
विचारावंच लागतं.
"दुसरा कोण असणार," तो म्हणाला, आणि खोकला.

वादी: मर्विन ट्रेव्हॅरो, पीटरबरो.
दावा: आईच्या घराच्या छपराचा अर्धा खर्च,
चार हजार एकशे साठ डॉलर.

या क्षणी लोक शिव्या देतात.
एकाने कुत्रा सोडला होता अंगावर,
एक बाई रडता रडता माझ्याकडेच रुमाल मागत होती.
याने रक्कम वाचलीच नाही.
बोट सरळ खाली नेलं, सहीपर्यंत.
"हात कापतो वाटतं त्याचा आता?"
मी म्हणाले, ते मला सांगता येत नाही.
सांगता येत नव्हतं. माहीत होतं.

अकरा वर्षांत भावाकडून आलेलं पहिलं अक्षर
मी आणलं होतं, कोर्टाच्या शिक्क्याखाली.

मागच्या अंगणात लिंबाचं झाड होतं,
आईच्या झाडाचं कलम, पीटरबरोहून ओल्या पोत्यात आणलेलं.
तेव्हा त्याला नाक्यावर कुणी अडवलं होतं का,
मी विचारलं नाही.
"त्याला दे."
म्हटलं, मी एकाच दिशेने बजावते.
पण मी वही काढून वेळ लिहीपर्यंत
त्याने नळी ओढत ओढत येऊन
पिशवी माझ्या सीटवर ठेवली होती.

ऊडला विराला फळमाशीचा नाका.
तरुण पोरगा, टोपी नवी, टायलर की टेलर, बिल्ला वाचला नाही.
"फळं? भाजी?"
दोनशे किलोमीटर मी खोटं बोलायची तयारी केली होती.
"दोन किलो लिंबं," मी म्हणाले.
शपथपत्रं करून करून जीभ बिघडते.
त्याने एकेक मोजल्यासारखी पिंपात टाकली.
या रस्त्याने मेंढ्यांचे ट्रक जातात,
मृताचा देह जातो कागदपत्रांसह,
माझं समन्स तर झाकण न उघडता गेलं होतं सकाळी.
"पिशवी ठेवा," तो म्हणाला. "कागदाला बंदी नाही."

गुरुवारी मर्विन पैसे द्यायला आला.
नोटा त्याच्या हातात फडफडत होत्या.
"मिळालं?"
मिळालं. नऊ वाजून चाळीस मिनिटं, प्रत्यक्ष हातात.
"काही म्हणाला?"
शपथपत्रात तसा रकाना नाही.
मी रिकामी पिशवी टेबलावर सरकवली.

त्याने ती उघडली. आत नाक घातलं.
बराच वेळ.
मग घडी करून खिशात ठेवली,
आणि पावती न घेताच गेला.