द्विवचन

मखमलाबाद रोडला मिसळीच्या टेबलावर
वही उघडी. तर्रीचा ठिपका नेमका
'क्रुह'वर पडला. क्रुह म्हणजे पाव.
"घशात अडकल्यासारखं वाटतं," निवृत्ती म्हणाला.
अडकू दे. सहा महिने तोच गिळायचाय.

झ्लीत्सा चमचा. सोल मीठ.
यूहा म्हणजे रस्साच, पण निवळ,
त्यावर कुणी लिंबू पिळत नाही.
पोतित्सा, अक्रोडाची गुंडाळी, सणासुदीची.
झोंबतं, याला 'पेकोचे'. शिकवणारी म्हणाली,
हा फारसा लागणार नाही तुम्हाला.

मेद म्हणजे मध.
इथे मी थांबले.
इतक्या लांब हा कोण आपला भाऊबंद
घर करून राहिलाय?

ग्रोझ्द्ये, द्राक्षं. ती मला नका शिकवू.
दिंडोरीच्या टाक्या आठ वर्षं धुतल्यात,
वास नखांतून जात नाही.

मग कॉफी. एना कावा, एक.
त्री कावे, तीन.
आणि मधेच द्वे कावी:
दोनच असल्या तर शब्दाचं शेपूट वेगळं.
संस्कृतच्या तासाला रडत घोकलेलं,
मराठीनं कधीच टाकून दिलेलं द्विवचन
तिथले वेटर रोज वापरतात.

शेवटच्या पानावर आहे
मीझो झा एनेगा,
एका माणसासाठी टेबल.
ते मी मोठ्यानं वाचलं नाही.

"राचून, प्रोसिम," मी गल्ल्याकडे बघून म्हणाले.
दौलतला काय कळलं कुणास ठाऊक,
बिलाचं पुस्तक ओढत विचारतो,
"दोघांचं एकत्र करू, ताई, की वेगवेगळं?"