ओल किती होती

नेजदार, आधी तो फोन खाली ठेवा.
'उद्यापासून येऊ नको' हे वाक्य
फोनवर फुकट असतं,
कामगार न्यायालयात त्याला मागच्या पगाराचं व्याज चढतं.
बसा. चहा सांगितलाय.
खाली गॅस्केटवाल्याचा ग्राइंडर सुरू आहे,
जरा मोठ्यानं बोला.

तर दस्तगीर मुल्लाणी. मोल्डर. बावीस वर्षं.
शिरोलीत तुमची एकच भट्टी होती
तेव्हा वडिलांनी लावलेला माणूस.
शनिवारी दुसऱ्या पाळीला ओतायला नाही म्हणाला.
लॅडल भरलेलं, खवरे सुपरवायझर ओरडतायत,
आणि हा हाताची घडी घालून उभा.
अडीचशे किलो धातू परत भट्टीत.
राग आला. येणारच.
पण तापल्या हातानं लिहिलेली नोटीस
तुमच्या रिजेक्ट मालासारखी निघते,
वरून गुळगुळीत, आत पोकळ्या.

म्हणून आधी कारणे दाखवा.
तारीख, वेळ, पाळी, भट्टीचा नंबर.
'माजलाय' हा शब्द खोडा;
गैरवर्तनाच्या यादीत माज नाही,
मी तीस वर्षं शोधतेय.
खुलाशाला दिवस द्या आणि दिलेले दिवस थांबा.
रजिस्टर पोस्टानं पाठवा.
'घर बंद' शेरा मारून परत आलं तर
पाकीट फोडायचं नाही, तसंच फाइलला लावायचं,
उलटतपासणीत न फिरणारा तेवढाच एक साक्षीदार.
निलंबित करताय? मग निर्वाह भत्ता.
निम्मा पगार, वेळेवर, कुरकुर न करता.
आणि चौकशी अधिकारी म्हणून मेहुणे नकोत.
हो, बी.कॉम. आहेत, माहीत आहे मला.

चौकशी सोमवारी लागली.
सुट्टीचा वार, शिरोली गप्प,
कँटीनच्या टेबलावर प्लास्टिकचा कपडा
आणि त्यावर कालच्या आमटीचा गोल.
मी व्यवस्थापनाच्या बाजूला.
खवरे म्हणाले, ओत म्हटलं, ओतलं नाही. संपलं.
दस्तगीरभाईंनी बाजू मांडायला कुणाला आणलं नव्हतं.
चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी एकच विचारलं,
"सायेब, वाळूत ओल किती हुती?"

रजिस्टर आलं.
गुरुवार, साडेतीन टक्के.
शुक्रवार, साडेतीन.
मागे तीन आठवडे पानभर साडेतीन,
एकाच पेनानं, एका दमात लिहिलेलं.
शनिवार दुसरी पाळी:
रकाना कोरा.

ओल्या साच्यात लोखंड पडलं
की पाण्याची वाफ होते
आणि वाफ दार शोधत नाही.
हे मला तिथं कळलं,
तीस वर्षं फौंड्रीवाल्यांचे खटले लढून.
त्यांनी डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली.
"तवा उद्यमनगरात हुतो. तवा ओतलं हुतं,
सांगितलं म्हणून."
चौकशी अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं.
जबाबात हे कसं घ्यायचं?
मी म्हटलं, जसं झालं तसं.
त्यानं लिहिलं: कामगाराने डावा पाय दाखवला.
खाली तिघांच्या सह्या.

म्हणून आज बोलावलं तुम्हाला.
आरोपपत्र मागे घ्या, तेही लेखी,
सही-शिक्क्यासह.
राहिलेला निम्मा पगार या महिन्यातच.
माफी कायद्यात कुठं नाही,
पण भट्टीपाशी जाऊन मागितली तर
कुठलं कलम आडवं येत नाही.
ओल मोजायचं यंत्र घ्या;
माझ्या फीपेक्षा स्वस्त पडेल.

आणि नेजदार,
पुन्हा तो फोन कशाला उचलताय?
खवरेंनाही कारणे दाखवा. तारीख, वेळ, पाळी.
ते खुलाशात लिहितील,
'रोज ओल बघत बसलो
तर माल कधी निघायचा, असं मालक म्हणाले होते.'
त्याचं काय उत्तर द्यायचं
ते मला विचारू नका.
चहा घ्या, गार झाला.