आत असल्याचे सांगितले जाते

सील मारून झालं, कंटेनर फाटकाबाहेर पडला,
आणि चांगुणा तांडेल कपाळावर हात फिरवत म्हणाली,
"माझा चष्मा?"

टेबलाखाली पाहिलं, चिंध्यांच्या पोत्यात पाहिलं.
इस्त्रीवाल्या मुश्ताकने वाफ बंद करून शोधलं.
शेवटी मीच मनातल्या मनात उलटा चालत गेलो:
अडीच वाजता तिने शेवटचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला,
निळ्या बारीक चौकड्यांचे शर्ट, माप चाळीस,
वर काहीतरी चमकलं होतं.
मला वाटलं, पॉलिथिनची पिशवी.

म्हणजे खोका दोनशे चौदा.
किंवा पंधरा.

चाळीस फुटी डबा, तीनशे ऐंशी खोके,
पिशवीपिशवीत ओल पिणारी एकेक पुडी
(खाऊ नये, असं तिच्यावर चार भाषांत; मराठीत नाही),
वजनाची पावती, सीलचा नंबर, कस्टमचे कागद.
आणि जहाज कंपनीच्या बिलावरचं ते एक वाक्य,
बावीस वर्षं फाइलला लावतोय, कधी वाचलं नव्हतं.
असतं इंग्रजीत, मी माझ्यापुरतं मराठी केलं:
आत पुरुषांच्या शर्टांचे तीनशे ऐंशी खोके
असल्याचे सांगितले जाते.
सांगितले जाते!
म्हणजे पाहिलेलं कुणीच नाही.

फोन केला तेव्हा ड्रायव्हर वाशीच्या पुलावर होता.
म्हणाला, सील तोडायचं तर साहेबांना विचारा.
साहेबांना कोण विचारणार, एका चष्म्यासाठी,
ज्याची डावी दांडी दोऱ्याने बांधलेली?

चांगुणा धागे कापते.
काजाचे, कफाचे, कॉलरखालचे.
जवळचं दिसत नाही म्हणून चष्मा. लांबचं लख्ख.
गोवंडीहून घरी गेली, ट्रॉम्बेच्या जेटीवर उभी राहिली,
की खाडीपल्याडच्या न्हावा-शेव्याच्या क्रेन मोजून सांगेल.
त्या आठवड्यात रोज रात्री जेवून तिथं जायची म्हणे.
नवरा विचारी, काय बघतेस?
डबे चढतायत.
तो म्हणाला, माझी होडी बघायला कधी आली नाहीस.

जहाज निघालं. लाल समुद्र नको म्हणून आफ्रिकेला वळसा,
सदतीस दिवस.
थंड दर्यात शिरलं की डब्याच्या छताला आतून घाम फुटतो,
थेंब थेंब मालावर पडतो, असं विमावाले सांगतात.
मला शर्टांची काळजी असायला हवी होती.

इकडे ती नखाच्या टोकाने धागे शोधू लागली,
कफावरून बोट फिरवायची, जसा कुणी
झोपलेल्या पोराचा ताप बघतो.
नवा चष्मा पगारानंतर आला.

दोन महिन्यांनी रॉटरडॅमहून मेल:
खोक्यात परकी वस्तू आढळली. पंचेचाळीस युरो कापत आहोत.
खोका दोनशे एकोणीस. म्हणजे माझाही अंदाज चुकला होता.
सोबत फोटो. पांढरं टेबल,
शेजारी मोजपट्टी ठेवलेली, पंचनाम्याला ठेवतात तशी,
आणि घडी मोडलेल्या शर्टावर तो, दोऱ्याच्या दांडीसकट.

साहेब ओरडले, मग फोटो मला पाठवून गप्प झाले.
मी मोबाइल चांगुणापुढे धरला.
वाटलं, हसेल. किंवा घाबरेल.
तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा,
चष्म्याच्या कडेवरून आत, काचेखालच्या बटणापाशी नेला.

"हा बघ," म्हणाली, "राहिला."

एक पांढरा धागा, इंचभर,
तिच्याच काचेतून जरा जाड दिसणारा.
पंचेचाळीस युरोंचं ती काहीच बोलली नाही.
डोळे फोटोवर, आणि उजवा हात
टेबलावर कात्री चाचपत होता.