रकाना सात

रकाना सात विचारतो : लाभार्थी किती?
मी आनेले, ग्रामकचेरीत एकटीच कारकून,
खिडकीतून मोजायला लागते.
धूर निघणारी घरं चौदा.
पुढे रशियाची हद्द, आणि मधे नुसता चिखल.

काम तसं साधंच :
बसथांब्यापासून वाचनालयापर्यंत
चारशे मीटर पायवाट, कडेला अकरा दिवे.
पैसा बराचसा ब्रुसेल्सचा, थोडा रीगाचा,
आमचा वाटा म्हणून बर्चची लाकडं विकली.

दोनात्स म्हणाले, "घाल माझं नाव.
वसंतापर्यंत टिकलो तर चालेन."
झेंटाचा मुलगा आयर्लंडात अळंबी खुडतो,
त्यालाही घातला. नाताळात येतो ना?
त्याची बायको, जिनं हे गाव पाहिलेलंच नाही,
तीही.
चौसष्ट झाले.
खोटं नाही म्हणणार मी याला.
पंगतीला पानं मांडताना
दोन जास्त मांडतोच की आपण.

दिवे लागले त्या संध्याकाळी कोणी भाषण केलं नाही.
बर्फावर आपापल्या सावल्या बघत उभे राहिलो,
आपण इतके उंच आहोत
हे विसरून गेल्यासारखे.

फेब्रुवारीत तपासनीस आला, पातळ बुटांत.
चौथ्या खांबावर एक डबी आहे,
येणारा-जाणारा मोजते.
त्यानं आकडा वाचला : दिवसाला सरासरी सदुसष्ट.
भुवई वर गेली, पेन खाली आलं, शिक्का बसला.
मी त्याला आणखी चहा ओतला.

कारण मला ठाऊक होतं.
लेओंतीनेचा खुबा बदललाय,
डॉक्टर म्हणाले, चालत राहा.
आणि पाचव्या खांबापुढे तिला चढ झेपत नाही.
म्हणून तीन ते पाच, पाच ते तीन,
काठी टेकत, पुटपुटत,
रोज संध्याकाळी
ती एकटीच आमची लोकसंख्या होते.

वीजबिल मात्र कुठल्याच परिशिष्टात बसत नाही.
आता आठ वाजता दिवे बंद.
ती विजेरी घेऊन चालते.
फलक तेवढा पाच वर्षं पुसत राहायचा,
तशी अट आहे.

दोनात्स एप्रिलात गेले.
त्याच वाटेनं नेलं त्यांना, भर दुपारी.
खांदेकरी सहा होते.
वार्षिक अहवाल लिहायला बसलेय
आणि कळत नाहीये,
त्या दिवशी डबीत
सहा पडले
की सात.