शनिवारी दहा ते चार

दहाला एक कुटुंब जातं, चारला दुसरं येतं.
मधले सहा तास हे घर कुणाचंच नसतं,
म्हणजे माझं असतं.
चादरी ओढते, वाळू झटकते,
न्हाणीतले परके केस वेचते,
खिडकीतला लाकडी समुद्रपक्षी
पुन्हा समुद्राकडे तोंड करून ठेवते.

घराचं नाव मॅकरेल कॉटेज.
मॅकरेल म्हणजे आपला बांगडा.
तो आता इथे उशांच्या अभ्र्यांवर उरलाय,
निळा, हसरा,
कितीही धुतला तरी रंग न सोडणारा.

पोर्थगॅरोत प्रत्येक दाराशेजारी
आकडे फिरवून उघडायची किल्लीची पेटी.
आम्ही कडीसुद्धा लावत नसू, लव्हडे पास्को सांगते,
चोरायला होतं काय, ओले मोजे?
मग एका उन्हाळ्यात तिच्या आईने
लंडनच्या कारकुनाला आपला पलंग भाड्याने दिला
आणि पोरं सहा आठवडे
जाळ्यांच्या खोलीत झोपली.
त्या पैशांतून लव्हडेला पहिले बूट आले.
"बूट चांगले होते," ती म्हणते,
"खोटं कशाला बोलू."

धक्क्यावर डेन्झिल जाळं विणत बसतो.
कॅफेवाला त्याला तासावर पैसे देतो.
जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकच जाळं:
रात्री घरी नेऊन थोडं उसवायचं,
सकाळी विणायला भोक हवं ना.
फोटो काढणारे जवळ आले
की तो आपली बोली जाड करतो,
शब्द तंबाखूसारखे गालात फिरवतो.
त्याचा नातू तेच ऐकत वाढला,
आता घरीही तसाच बोलतो.
"खरी कुठली होती," डेन्झिल म्हणतो,
"मलाच नीट आठवत नाही."

नोव्हेंबरात संध्याकाळी गावात अकरा दिवे.
अकरावा आमचा.
शाळेत सात मुलं होती, मग चार,
मग जाहिरात: जुनी शाळा,
आठ जणांची सोय, फळा मूळचा.
पाहुण्यांची मुलं त्यावर आपली नावं लिहितात.
शनिवारी मीच पुसते.
एकदा एक नाव
राहू दिलं होतं आठवडाभर, उगाच.

आज पलंगाचे कोपरे खोचताना
देवबागहून भावाचा फोन.
होडीची खोप पाडून दोन खोल्या काढतोय,
खाटेवरून दर्या दिसेल अशा.
"भिंतीक काय लावू गो? थंय काय लावतत?"
मी भिंतीकडे पाहते.
तुटकं वल्हं, काचेचे हिरवे गोळे,
कधीच पाण्यात न गेलेलं जाळं.
"जाळां लाव," म्हणते.
"तां तर दारातच सुकत पडलांहा," तो हसतो.

चारला दहा कमी.
खाली दगडी गल्लीत
चाकांच्या बॅगा खडखडत चढू लागल्यात.
"मगे तांच धू," मी म्हणते,
"वास जायसर."