गुंडू मुतगेकर या चलाचा सहगुणक

उद्यमबागेत दुपारी तीनला वीज जाते.
लॅपटॉपची बॅटरी पुरते पंचवीस फेऱ्यांना,
आणि पंचविसाव्या फेरीला सॉफ्टवेअर हात वर करतं :
अभिसरण झालं नाही.
लाल अक्षरात. खाली कारण नाही.

प्रश्न साधा होता. पंपाची कोणती कव्हरं
तपासणीत नापास होतात, आणि कशानं :
वाळूतला ओलावा, ओततानाचं तापमान,
पाळी, आणि साचा भरणारा माणूस.
सहा महिने. तीन हजार दोनशे अठरा ओळी.

आधी मी माझ्यावरच संशय घेतला.
मग ओलाव्यावर. दिवसपाळीची वही कन्नड आकड्यांत,
रात्रपाळीची आपल्या,
आणि टायपिंगच्या पोराला रात्रीचा प्रत्येक एक
इंग्रजी नऊ दिसलेला. कुठे दशांशाचा ठिपकाच नाही;
एका रात्री वाळूत एकोणचाळीस टक्के पाणी,
साच्यातून मार्कंडेयच वाहत होती म्हणायची.
दोन दिवस त्यात गेले. चालवलं.
पंचवीस फेऱ्या. लाल अक्षरं.

मग फेऱ्या उघडून बघितल्या, एकेक.
सगळे आकडे सातव्या फेरीलाच जागेवर बसलेले,
एक सोडून.
गुंडू मुतगेकर : उणे अकरा, उणे बारा, उणे तेरा,
दर फेरीला एक पायरी खाली,
आडात सोडलेला दोर, तळ लागेना.
प्रमाण त्रुटी हजारांत.

विलगीकरण म्हणतात याला.
नावासमोर चारशे सहा कव्हरं, नापास शून्य.
अशा शून्यापुढे गणिताला थांबायचं कळत नाही,
म्हणत राहतं, अजून चांगला, याहून चांगला,
शोकसभेतल्यासारखं.

पुस्तकात उपाय आहेत. त्याला वगळा.
शेजारच्यात मिसळा.
किंवा दंड लावा, हलकासा, मॉडेल ताळ्यावर येतं.
दंड हा शब्द मी हिरेमठ सरांसमोर काढला नाही.
त्यांच्याकडे तो आधीपासून होता,
नापास कव्हरामागे चाळीस रुपये.

चहाच्या सुट्टीत खाली गेले.
"काय बघूलीस गे?"
म्हटलं, सहा महिन्यांत तुमचं एकही नापास नाही.
त्यांनी सळई उचलली, गार कव्हरावर हाणली : खण्ण.
पुढच्यावर : खण्ण.
त्यापुढच्यावर : बद्द.
"आता हे काय तपासणीला न्यायचं?"
आणि ते गेलं ढिगात, जो रात्री परत भट्टीत जातो.
वहीपुरतं ते जन्मलंच नाही.

एक महिना तसलंही पाठवा, मी म्हटलं.
त्यांनी सळई पुसली,
तिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.
"चाळीस रुपयाचं न्हवं," म्हणाले,
"वर खडूनं माझं नाव असतंय."

पुढच्या महिन्यात चार आली.
चारींवर खडूचा गु,
ठळक, जरा जास्तच ठळक.
पगाराच्या चिठ्ठीत एकशे साठ कमी.
मी हिरेमठ सरांकडे तीनदा जाऊन आले,
बघू म्हणालेत, बघतायत.

फक्त त्या महिन्याच्या ओळी घेऊन चालवलं.
सहाव्या फेरीला थांबलं.
गुंडू मुतगेकर : उणे शून्य पूर्णांक सात.
त्रुटी अशी की खात्रीनं काही बोलू नये,
पण माणसाच्या मापाची.

गेटपाशी ते सायकलचं कुलूप काढत होते. सांगितलं.
"मग? चढलो का उतरलो?"
मला नीट शब्द सापडेना.
"थांबलात," म्हटलं.
"थांबतो की," ते म्हणाले,
"रोज साडेपाचला."